मंडपाखालचं पाणी

एका जंगलात, बरं का मुलांनो, सगळं काही होतं. राजा होता, प्रधान होता, माध्यमिक शाळा होती, शाळेला कमानसुद्धा होती. फक्त पाणी नव्हतं. ओढा आटला होता आणि मासे केव्हाच नातेवाइकांकडे निघून गेले होते.

त्या शाळेत नववीच्या वर्गात रानडुकराची एक मुलगी होती. नाव हुंगी. गणितात बेताची, पण नाक असं की विचारू नका. एकदा मधल्या सुट्टीत ती शाळेमागच्या उंबराखाली थबकली. मातीत नाक खुपसलं आणि म्हणाली, "सर, इथं खाली पाणी आहे."

बगळेसर एका पायावर उभे होते. ते दोन्ही पायांवर आले. "कशावरून?"

"वास येतोय."

आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? खणलं असतं. म्हणूनच तर आपल्याला कोणी शिक्षण समितीवर घेत नाही. बगळेसर आनंदानं ओरडले, "अरे, ही तर प्रज्ञावंत निघाली!"

त्याचं असं होतं, राजेसाहेबांनी त्याच वर्षी हुशार पिल्लांसाठी समृद्धी योजना काढली होती. योजनेचा मंडप तयार होता, हार तयार होते, आभाराचं भाषणही तयार होतं. हुशार पिल्लू तेवढं सापडत नव्हतं.

"सर, मी खणू?" हुंगीनं विचारलं.

"खणू? वेडी आहेस का? खणायला साधी पिल्लं आहेत. तू आता संधी घ्यायची."

संधी म्हणजे खायची वस्तू असेल असं हुंगीला वाटलं. ती सरांच्या मागोमाग गेली.

पहिली संधी म्हणजे सत्कार. त्या जंगलाचा रिवाज असा, की गुण जिथं दिसला तिथंच सत्कार करायचा. त्यामुळे मंडप बरोबर उंबराखालीच घातला गेला. फळ्या ठोकल्या, वर सतरंजी आली. जिथून पाण्याचा वास येत होता, नेमकी तिथं अध्यक्षांची खुर्ची मांडली. अध्यक्ष हत्ती. म्हणजे बघा.

हुंगीला शाल मिळाली, गुच्छ मिळाला आणि नारळ मिळाला. नारळ वानरशेठच्या दुकानातला. नारळ तिथंच फुटला आणि जमलेल्यांना एकेक घोट पाणी मिळालं. घसे ओले झाले तसं सगळ्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. पाणी कमी पडतंय? मग सत्कार वाढवा!

मग काय विचारता! घरोघरी हुशार पिल्लं निघू लागली. माकडाचं कार्टं फांदीवरून पडलं, त्याला गुरुत्वाकर्षणाची उपजत जाण निघाली. कासवाचा थोरला वर्गात झोपला, तो चिंतनशील ठरला. तरसाच्या मुलाला काहीच येत नव्हतं. त्याला 'सुप्त गुण' या गटात घेतलं. रोज मंडप, रोज भाषण, रोज नारळ.

इकडे हुंगीच्या घरी धाकटी भावंडं ओढ्यातले दगड चाटत होती. त्यातलं शेंडेफळ तर उठून उभंही राहीना. शेवटी हुंगीची आई दुकानाशी गेली.

"शेठ, तुमचं सगळे ऐकतात. पोरीला खणू द्या म्हणावं."

"बसा वहिनी, बसा," वानरशेठ म्हणाले. "सांगितलं असतं हो. पण पाणी लागलं तर हा एवढा माल मी कुणाच्या गळ्यात मारू?"

शेठ गिऱ्हाइकाशी कधी खोटं बोलत नसत. दुकान उगाच नव्हतं चालत.

आणि हुंगीला तरी वेळ कुठं होता? सकाळी वक्तृत्व, दुपारी नेतृत्व, संध्याकाळी व्यक्तिमत्त्व. शिवाय 'वास : व्याख्या, प्रकार आणि महत्त्व' हा खास वर्ग. तो बगळेसरच घेत. त्यांना स्वतःला कसलाही वास येत नसे, त्यामुळे ते अगदी निःपक्षपातीपणे शिकवत.

असंच मागे एका खारीचं झालं होतं. कुठली बी कुठं पुरली, सगळं तिला तोंडपाठ. तिला स्मरणशक्तीच्या शिबिराला धाडलं. ती परत आली ती जुन्या राजांची नावं उलटी म्हणत. लोक टाळ्या वाजवतात, ती पुन्हा म्हणते. बिया कुठं पुरल्या म्हणून विचारलं, तर म्हणते, ते आम्हाला शिबिरात नव्हतं.

हुंगीला त्या खारीची भीती वाटायला लागली.

"सर," ती एकदा म्हणाली, "वास रोज खाली खाली चाललाय. आता नाही खणलं तर राहिलंच."

"वा! काय निरीक्षण आहे!" सर म्हणाले. "यावर तुझा आणखी एक सत्कार."

तो सत्कार मोठा होता. खुद्द राजेसाहेब आले. हुंगीला 'माझ्या यशाचं रहस्य' यावर बोलायचं होतं. पण आधी अध्यक्ष उठले, आणि हत्ती एकदा बोलायला उठला की लवकर बसत नाही. समोर आई होती. शेंडेफळ तिच्या पायाशी निपचित पडलं होतं.

हुंगीनं शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि ती हळूच फळ्यांखाली शिरली.

वर अध्यक्ष सांगत होते, "ही कन्या एक दिवस खूप वर येईल!" खाली हुंगी नाकानं माती उकरत होती. मुळं तुटली, खडे उडाले. माती गार लागली. मग ओली लागली. मग फळ्या करकरल्या, हुंगी चटकन बाजूला सरकली, आणि अध्यक्ष खुर्चीसकट, हारासकट, मुद्द्यांसकट खाली गेले.

धप्प! आणि मागून भळाभळा पाणी.

मग राजेसाहेबांनी वाकून तोंड लावलं, तसं सगळं जंगल तुटून पडलं. शेंडेफळ एवढं पाणी प्यायलं की त्याला उचक्या लागल्या. तोंड पुसून झाल्यावर चौकशी बसली.

"सत्कार चालू असताना सत्कारमूर्ती व्यासपीठाच्या खाली?" बगळेसर पंख झटकत म्हणाले. "ही बेशिस्त आहे!"

हुंगीचं नाव योजनेतून कमी झालं. तिला पुन्हा साध्या वर्गात बसवलं. तळ्याला अध्यक्षांचं नाव दिलं, कारण त्यात सर्वांत आधी तेच उतरले होते. वानरशेठनी उरलेल्या नारळांचं खोबरं केलं आणि तळ्याकाठी दुकान हलवलं.

संध्याकाळी हुंगी आईबरोबर घरी निघाली. भावंडं पुढं उड्या मारत होती. टेकडीजवळ हुंगी थांबली. तिनं नाक वर केलं.

"आई गं, इथं पण खाली..."

आईनं इकडंतिकडं बघत तिचं तोंड दाबलं. "हळू बोल, बये. सत्कार होईल."

तात्पर्य : मुलांनो, अंगात गुण असेल तर तो चारचौघांत दाखवू नये, निदान काम उरकेपर्यंत तरी. नसेल, तर मात्र जरूर दाखवावा. नारळ मिळतो.