दुसऱ्याचा साचा

सकाळी सव्वासहाला मी गॅलरीत खुर्ची टाकून चहात खारी बुडवतो. नेमके त्याच वेळी आमचे शेजारी गोपाळ घाडी हातात टमरेल घेऊन गॅलरीच्या टोकाच्या संडासातून परत येतात. बरं, परत येतात ते गप्प येत नाहीत. माझ्यासमोर थांबतात आणि जाहीर करतात, "सुरेश, आज तळाक!" किंवा तोंड पाडून, "आज वर."

म्हणजे काय, हे सांगायला मला लाज वाटते. पण आमच्या लालबागच्या चाळीत ते शेंबड्या पोरालाही माहीत आहे. घाडीकाकांचं स्वादुपिंड कर्करोगामुळे अर्धंअधिक कापून काढलेलं. तेलतूप पचवणारा रस हा अवयव तयार करतो. काकांना तो रस प्रत्येक जेवणाबरोबर कॅप्सुलांतून घ्यावा लागतो. कॅप्सूल कमी पडली की तेल न पचता बाहेर येतं आणि पाण्यावर तरंगतं. पुरेशी पडली की सगळं मुकाट तळाला जातं. डॉक्टरांनी त्यांना "लक्ष ठेवा" म्हणून सांगितलं होतं. सुरेशला कळवा, असं काही सांगितलं नव्हतं.

अकरा वर्षं मी हे बातमीपत्र ऐकतोय. या आजारात माणूस वर्षभर टिकला तरी नशीब म्हणायचं. काका इस्पितळात गेले तेव्हा चाळीतल्या बायकांनी काकींच्या नकळत रडूनही घेतलं होतं. पण काका परत आले, आणि राहिले. त्याचा आनंद आहेच हो, नाही कशाला म्हणू? पण स्वतःचा जीव वाचवून या माणसाने आमचा जीव नकोसा केला.

माझ्या मुलीच्या लग्नातली गोष्ट. पंगत बसली, श्लोक झाला, लोकांनी पहिला घास उचलला आणि काका ओरडले, "आचाऱ्याक बोलवा!" बिचारा आचारी कढईपुढून उठून आला.

"ह्या वड्यांत मोहन किती घातलंस? भाजयेक तेल किती?"

आचारी घाबरून सांगत होता आणि काका पानाच्या कडेला कॅप्सुला मांडत होते. वरणाला एक, भाजीला एक, वड्याला दोन. मठ्ठ्याला सूट. माझे व्याही माझ्या कानाशी लागले, "हे अन्नखात्यातले का?"

गणपतीच्या आरतीतही तेच. आरती ऐन रंगात आली की यांच्या घड्याळाची पीकपीक सुरू. झांजा खाली ठेवून हे इन्सुलिनची सुई टोचायला चालते. मी वैतागून म्हणायचो, "काका, एक दिवस मागेपुढे झालं तर काय बिघडणार आहे? एक मोदक खा की!" त्यावर ठरलेलं उत्तर, "साचो दुसऱ्याचो आसा, बाबा. खराब करून कसा चालात?"

साचा म्हणजे गिरणीतला कापड विणायचा माग. काका गिरणीत बदली कामगार होते. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं. कायम कामगाराचा खाडा पडला तर त्या दिवसापुरता त्याचा साचा मिळायचा, नाहीतर परत घरी. पंधरा वर्षं त्यांनी अशी काढली. कायम व्हायच्या आत संप झाला आणि नंतर गिरणीच गेली. बदलीवाल्याचा एक नियम असतो, असं ते सांगत: साचा जसा मिळाला तसाच ठेवून जायचा, कारण उद्या मालक येणार. मला वाटायचं, काकांना दुखण्याने वैराग्य आलंय. दुसऱ्याचा म्हणजे देवाचा, असलं काहीतरी असेल. मी मान डोलवायचो आणि मोदक खायचो.

काकींचे गुडघे गेलेले, म्हणून दर सहा महिन्यांनी काकांना तपासणीला नेण्याचं काम माझ्याकडे. माझी रजा खर्ची. नऊची वेळ असली की हे सातला इस्त्रीचा शर्ट घालून दारात हजर. "गेटार येळेर उभा रव्हाक व्हया." रिपोर्ट हाती आला की घरी जायचं सोडून यांना ठाकूरद्वारला जायचं असायचं. तिथल्या एका वाडीत ते जिना चढून वर जात आणि मी खाली पानवाल्यापाशी अर्धा तास ताटकळत उभा. विचारलं तर, "जरा काम आसा."

गेल्या खेपेला रिपोर्टमध्ये डाग दिसला. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांनी पुन्हा फोटो काढू. त्या दिवशी काका ठाकूरद्वारला न जाता थेट घरी आले. त्या पंधरा दिवसांत काका माझ्यासमोरून टमरेल घेऊन मुकाट्याने जायचे. मला हवी होती ती शांतता मिळाली, पण खारी काही गोड लागेना.

दुसरा फोटो स्वच्छ आला. डाग ऑपरेशनच्या जुन्या व्रणाचा होता. मी तिथल्या तिथे हात जोडले. काकांनी मात्र घड्याळ बघितलं. "चल, ठाकूरद्वार."

मी भडकलो. "काका, काकी घरी देव पाण्यात घालून बसल्यात आणि तुम्हाला गप्पा मारायला जायचंय?"

"तिका फोन कर. पण रिपोर्ट थंय आधी दाखवूक व्हयो." मग हळूच म्हणाले, "जिन्यार माका हात दी. आज तू पण वर ये."

वर ऐंशीच्या घरातल्या एक बाई होत्या, माई. भिंतीवर तिशीतल्या मुलाचा फोटो, त्याला चंदनाचा हार. काका बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी रिपोर्ट माईंच्या हातात दिला. माईंनी ओळीवर बोट ठेवून तो शेवटपर्यंत वाचला आणि डोळे पुसले.

"पंधरा दिवस उशीर," त्या म्हणाल्या. "मला काय काय वाटून गेलं!" मग माझ्याकडे वळल्या. "हा माझा मोहन. याच आजाराने यांच्या शेजारच्या खाटेवर होता. ऑपरेशनचा नंबर त्याचा होता. त्या सकाळी त्याला ताप भरला, म्हणून यांना आत घेतलं. ताप उतरायला तीन आठवडे गेले. तोवर यकृतात पसरलं होतं." त्या काकांकडे बघून म्हणाल्या, "अकरा वर्षं सांगतेय, अहो, तुम्ही कुणाचं काही घेतलं नाहीत."

काका फरशीकडे बघत होते. "तसा नाय ओ माई. पण खाडो त्येचो पडलो, म्हणान माका काम गावला. साचो त्येचोच."

मी अकरा वर्षं खाली पान चघळत होतो. मला माझीच लाज वाटली.

माईंनी बेसनाचा लाडू आणला, तुपाने बशी ओली झालेली. आता चौकशी सुरू होणार म्हणून मी तयारीत होतो. पण काकांनी काही विचारलं नाही. तीन कॅप्सुला काढल्या आणि कणही न सांडता अख्खा लाडू खाल्ला. माई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. मग त्यांनी फोटोखालचा पत्र्याचा डबा उघडला आणि आधीच्या रिपोर्टांवर हा रिपोर्ट ठेवला.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला मी चहा न घेताच गॅलरीत उभा होतो. एवढं तूप पोटात गेलेलं. काका टमरेल घेऊन आले. आयुष्यात पहिल्यांदा मीच विचारलं, "काका, काय?"

"तळाक!" त्यांचा चेहरा फुलला होता. "माईक फोन कर. लाडू पचलो म्हणान सांग."

आणि मी, जो अकरा वर्षं कानात बोटं घालायचा बाकी होतो, त्याने एका ऐंशीच्या बाईंना भल्या सकाळी फोन करून सांगितलं, "माई, लाडू तळाला."

पलीकडे गॅस पेटवल्याचा आवाज आला. मग माई म्हणाल्या, "बरं झालं हो. आता मीही चहा घेते."