वानखेडे रस्ता विचारतात

वानखेडे मला पहिल्यांदा दिसले ते लखनौमधल्या कपूरथला चौकात. एका पानवाल्याला ते 'महानगर मोहल्ला कुठे आहे' असं विचारत होते. ते उभे होते महानगरातच, आणि त्याच महानगरात एकोणीस वर्षं राहत होते. हे मला कळलं आठवड्यानं, कारण मी भाड्यानं घेतलेल्या घराचा खालचा मजला त्यांचा निघाला.

"पण पानवाला तुम्हाला ओळखत नाही का?" मी विचारलं.

"हा नवा आहे," वानखेडे खुशीत म्हणाले. "जुना ओळखायला लागला, म्हणून त्याच्याकडे जाणं सोडलं."

वानखेडे मूळचे अमरावतीचे. झाडापानांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत शास्त्रज्ञ. साठीला टेकलेले, एकटे, मार्चपर्यंत कानटोपी न काढणारे. आठवडाभर सूक्ष्मदर्शकाखाली पानं बघायची आणि रविवारी सकाळी शहरात निघायचं, हा त्यांचा नेम. बँकेनं माझी साताऱ्याहून लखनौला बदली केली, तेव्हा मी नवखी म्हणून त्यांनी मलाही सोबत न्यायला सुरुवात केली. दर चौकात ते थांबत.

"भाईसाहब, ज़रा बताइएगा, आलमबाग किधर पड़ेगा?"

"सर, मागच्याच रविवारी आपण आलमबागला गेलो होतो," मी हळूच म्हणे.

"मग? विचारायला काय जातं, मॅडम?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लखनौचा माणूस मरेल, पण 'माहीत नाही' म्हणणार नाही, हा त्यांचा सगळ्यात लाडका शोध. चारबागला एकदा त्यांनी एका रिक्षावाल्याला अमीनाबादचा रस्ता विचारला. त्यानं डावीकडे हात केला. शेजारच्यानं उजवीकडे केला. तिसरा त्या दोघांना म्हणाला, तुम्ही परदेशी दिसता. पाच मिनिटांत दहा माणसं जमली, चहा आला, कुणाच्या आजोबांनी कुठला रस्ता बांधला तिथपर्यंत वाद गेला. वानखेडे चहा पिऊन, सगळ्यांना सलाम करून निघाले, तरी वाद चालूच.

एकदा मात्र त्यांची चांगलीच जिरली. एका म्हाताऱ्या अत्तरवाल्याला त्यांनी स्वतःच्याच घराचा पत्ता विचारला. तो सज्जन माणूस दुकानावर पोराला बसवून त्यांना थेट फाटकापर्यंत पोचवायला आला. वानखेड्यांनी आभार मानले. म्हातारा हलेना. "पहले घंटी तो बजाइए." वानखेड्यांनी स्वतःच्या दाराची घंटी वाजवली. दोघं थांबले. पुन्हा वाजवली. घरात कोण असणार?

"अजीब लोग हैं," म्हातारा चिडला. "मेहमान बुलाकर ख़ुद ग़ायब!"

"हाँ जी," वानखेडे म्हणाले, "बहुत ही लापरवाह आदमी है."

आणि त्याच्याबरोबर परत कोपऱ्यापर्यंत चालत गेले. हे सगळं मी वरच्या गच्चीतून, तोंडात पदर कोंबून पाहत होते.

त्या हिवाळ्यात आई माझ्याकडे राहायला आली. बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. साताऱ्यात अख्ख्या आळीचं बोलणं अंगणातून चालवणारी आई इथे गच्चीवर मटार सोलत बसून राहायची. एकदा कोथिंबीर आणायला कोपऱ्यावर गेली आणि रिकाम्या हातानं परतली. भाजीवाल्यासमोर तिला 'धनिया' हा शब्दच आठवला नाही. मागची माणसं हसली म्हणे. त्यानंतर तिनं जिना उतरणं सोडलं. "मला परत पोचव," एवढंच रोज म्हणायची. तिथलं घर कुलूपबंद होतं. तिथे एकटीनं ती काय करणार, हे मला कळत नव्हतं.

वानखेड्यांना मी हे सांगितलं, तसे ते वर आले.

"ताई, रविवारी जुन्या लखनौतल्या चौकात जाऊ. मक्खन मलाई खायला. थंडीतच मिळते, ऊन चढलं की विरघळून जाते."

"मला काही हिंदी येत नाही, वानखेडे."

"मला तरी कुठं येते? काहून भेता?"

कशीबशी ती आली. जुन्या चौकाच्या तोंडाशी टेम्पोतून उतरलो. धुकं होतं. वानखेडे थांबले आणि म्हणाले, "ताई, आता तुम्ही विचारा." आणि चक्क पाठ फिरवून एका भिंतीवरचं शेवाळ निरखू लागले. मी पुढे होणार, तर त्यांनी मागे न बघताच मला हातानं अडवलं.

आई बराच वेळ शालीचं टोक पिळत उभी राहिली. मग शेकोटीपाशी बसलेल्या एका दाढीवाल्या आजोबांकडे गेली.

"ओ दादा, वो... मलई किधर भेटती?"

"अम्मा, कहाँ से तशरीफ़ लाई हैं?"

"सातारा."

"सुबहान अल्लाह! बड़ी दूर से," म्हणत आजोबा काठी टेकत उठले आणि पुढे चालू लागले. त्यांना सातारा ठाऊक असण्याची शक्यता शून्य. मलईवाल्यापाशी पोचेपर्यंत आई त्यांना मराठीत स्वतःच्या गुडघ्यांबद्दल सांगत होती आणि ते उर्दूत त्यांच्या गुडघ्यांबद्दल. दोघांनाही सगळं कळत होतं. केशर घातलेला तो दुधाचा फेस तोंडात टाकून आई म्हणाली, "अगंबाई! आहे म्हणेपर्यंत गेलं की." तीन महिन्यांत ती पहिल्यांदा हसली.

मग घंटाघराजवळच्या तलावाच्या पायऱ्यांवर आम्ही उन्हाला बसलो. आईची भीड चेपली होती. तिनं सरळ विचारलं, "वानखेडे, तुमची मंडळी?"

ते पाण्याकडे बघत सांगू लागले.

"कुसुम. चार वर्षं होती इथं माझ्यासोबत. रोज म्हणे, कुठंतरी जाऊ. मी म्हणे, रविवारी. मला रस्ते माहीत नव्हते, ताई. अन् बायकोसमोर कोणाला विचारायची लाज वाटे. हिंदी चुकली, लोक हसले तर? म्हणून रविवारी मी पुस्तक घेऊन बसे. मग ती आजारी पडली. अमरावतीला, माहेरीच गेली."

आईनं शाल आवरून त्यांच्याकडे तोंड केलं.

"तेराव्याला तिची बहीण मला म्हणते, 'भाऊजी, तुम्ही ताईला लखनौ किती फिरवलं हो! तिच्या पत्रांतून आम्हीच लखनौ पाहिलं.' इमामबाडा पाहिला, नदीवर नावेत बसलो, असं सगळं लिहीत होती ती. माझा कमीपणा दिसू नये म्हणून. तेव्हापासून तिनं लिहिलेली एकेक जागा शोधून राहिलो. सगळ्या सापडल्या. एक नाही. तलावाकाठचं पांढरं देऊळ. तिथल्या पायरीवर बसून आम्ही दोघांनी शेंगा खाल्ल्या म्हणे." ते जरा हसले. "नसेलच ते. तिनं मनानंच बांधलं असेल. तरी विचारतो."

आई उठली. शाल झटकली.

"तू बस," ती मला म्हणाली आणि एकटीच पायऱ्या चढून रस्त्यावर गेली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मी उठणार, तेवढ्यात ती येताना दिसली. हातात कागदाची मोठी पुडी होती, भाजलेल्या शेंगांची.

"देवळाचं नंतर बघू," वानखेड्यांच्या शेजारच्या पायरीवर बसत ती म्हणाली. "शेंगावाली बाई म्हणते, असेल नदीपलीकडे. पुढच्या रविवारी जाऊ."

पुडी तिनं दोघांच्या मधे उघडून ठेवली. वानखेड्यांनी एक शेंग फोडली आणि दाणे तळहातावर घेऊन नुसतेच बसून राहिले.

"खा, भाऊ," आई म्हणाली. "गरम आहेत तोवर."