मीठ उत्तरेला

ताटाला उत्तर दिशा असते, असं आमच्या शेजारचे आबासाहेब मानतात. थट्टा नाही करत मी. त्यांचा जन्म गेला सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात. रिटायर झाल्यावर नकाशे संपले, तेव्हा त्यांनी ताट धरलं. मीठ उत्तरेला. चटणी, कोशिंबीर, लिंबू पश्चिमेला. भाज्या पूर्वेला. कुणी चुकून काकडी पूर्वेला ठेवली की देवासच्या आमच्या अख्ख्या गल्लीला ऐकू जातं, "भिया, ताट आहे हे, चौराहा नाही!"

दर रविवारी दुपारी ते ओसरीवर लांब टेबल मांडतात. पुऱ्या, बटाट्याची भाजी, भुट्ट्याचा कीस, कोशिंबीर, श्रीखंड, सगळं ओळीनं. गल्लीतली पोरं आईबापांसकट येतात आणि आपापलं ताट आपणच लावतात. "ज्याला जे हवं ते घ्या!" असं आबासाहेब जाहीर करतात आणि लगेच पहिल्या पोराच्या मानेवर जाऊन उभे राहतात.

घोडं अडतं सेवेपाशी, म्हणजे आपल्या शेवेपाशी. माळव्यात सेवेवाचून पान हलत नाही, पण आबासाहेबांच्या आजोबांनी घालून दिलेल्या पद्धतीत सेव नाहीच! चटणीसारखी म्हणावी तर पश्चिम, पण मेलीची भाजीही होते, म्हणजे पूर्व. मी मूळची धारची. "आमच्याकडे सगळ्यावरच भुरभुरतात," असं एकदा बोलून गेले. "धारवाले काय, सूनबाई, मांडूच्या महालांवरही भुरभुरतील," म्हणाले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

एका रविवारी माझी गुड्डी लिंबावरून रडत घरी आली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. भिंतीवरून त्यांच्या बायकोला, काकूंना सुनावलं, "पोरांना सुखानं जेवू द्यायचं नाही तर बोलावता कशाला?"

काकू हळूच म्हणाल्या, "सराव करतायत गं."

दोन वर्षांपूर्वी त्यांची बंगळुरूची नात रेवा आली होती, पाच वर्षांची. तिनं श्रीखंडावर सेव घातली. आबासाहेबांनी तिच्या ताटात हात घालून ती काढली. पोर जी रडली, तिनं चार दिवस नुसत्या बिस्किटांवर काढले. तेव्हापासून दर सुट्टीत कधी येताय विचारलं की मुलगा फोनवर म्हणतो, "बघू, बाबा."

"पुन्हा आलीच तर हात आवरता यायला हवा, म्हणून तुमच्या पोरांवर शिकतायत," काकू म्हणाल्या. "पण जमत नाहीये."

मला इतकं वाईट वाटलं! आणि हसूही आवरेना.

या उन्हाळ्यात रेवा आली. रविवारी सगळी गल्ली जेवायचं सोडून आबासाहेबांकडेच बघत होती. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेऊन एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं होतं. रेवानं कोशिंबीर पूर्वेला घातली. त्यांचे ओठ हलले, आवाज नाही. मग तिनं मूठभर सेव घेतली आणि ठेवली थेट उत्तरेला, मिठाच्या गादीवर!

"बेटा... यहाँ क्यों?"

"मेरेको सबसे अच्छी ये लगती है, आबा. तो सबसे ऊपर."

आबासाहेबांनी मनगट सोडलं. "बरोबर आहे," म्हणाले. "अगदी बरोबर आहे."

पोरीनं ताट चाटूनपुसून संपवलं, वर दोन पुऱ्या मागून घेतल्या. काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

"अब आपका मैं लगाऊँगी," रेवा म्हणाली. सेव उत्तरेला, बाकी सगळं जिथे पडेल तिथे. आबासाहेब सवयीनं पुटपुटले, "आणि मीठ?"

"हाँ हाँ, मीठ!" आणि तिनं दोन चमचे मीठ त्यांच्या श्रीखंडात घालून छान कालवलं. "मीठा, आबा. डबल!"

हिंदीतलं मीठा, म्हणजे गोड, तिला ठाऊक, आणि पांढरं दिसलं ती साखरच. मराठीतलं मीठ कोण शिकवणार होतं?

आबासाहेबांनी घास घेतला. चेहरा वाकडा झाला, सरळ केला. दुसरा घास घेतला. मला बघवेना. मी ताटाला हात घातला, "आबासाहेब, द्या, बदलून आणते."

त्यांनी ताट छातीशी ओढलं.

"हात लावायचा नाही, सूनबाई. तिनं वाढलंय."