तरवडावरची छत्री

पावसाळ्यात लोक स्वतःच्या डोक्यावर छत्री धरतात. आमचे कुलथेकाका ती झाडावर धरायचे. पनवेलजवळ सुकापूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते तळमजल्यावर राहतात. त्यांच्या खिडकीखाली एका फुटक्या पिंपात तरवडाचं झुडूप होतं. जून लागला की काका पिंपाला बांबू बांधत, त्यावर मोठी काळी छत्री ताणत आणि स्वतः चिंब भिजून घरात जात.

"माणदेशी झाड आहे, वहिनी. पनवेलचा पाऊस त्याला झेपत नाही," ते मला समजावत. रोप काकूंनी माहेराहून आणलेलं. तिकडे नवरात्रात घटाला याच पिवळ्या फुलांची माळ. काकू जाऊन तीन वर्षं झाली होती.

उन्हाळ्यातही तोच कडकपणा. आठवड्याला एक तांब्या पाणी, बस्स. कुणी बाटलीतलं उरलेलं पाणी ओतलं की काका खिडकीतून ओरडत, "लाडावू नका त्याला!" एकदा तर सोसायटीच्या चेअरमनना त्यांनी पाइपसकट पिटाळलं.

मागच्या मे महिन्यात ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला मुलीकडे गेले. जाताना म्हणाले, "वहिनी, आठवड्याला एक तांब्या. बाकी काही करू नका."

तेवढंच मला जमलं नाही. चार दिवसांत पानं मलूल दिसायला लागली आणि मला राहवेना. रोज सकाळी बादलीभर पाणी घातलं. पानं पिवळी पडली, तेव्हा संध्याकाळीही घातलं. काका परत आले तोवर खोड बोटानं हलत होतं.

काळा चष्मा लावलेले काका वाकले. माती चाचपली. "मुळं कुजली," एवढंच म्हणाले.

"काका, चुकलंच माझं. पण बघवेना हो. तहानलेलं वाटलं."

आता ओरडणार, म्हणून मी मान खाली घातली. काका मात्र पायरीवर बसले.

"हिची किडनी गेली, तेव्हा डॉक्टरांनी दिवसाला दोनच पेले पाणी सांगितलं होतं," ते सावकाश म्हणाले. "ही तिसरा मागायची. शेवटच्या दिवशीसुद्धा मागितला. मी पेला लपवून ठेवला."

मीही पायरीवर टेकले.

"बघवत मलाही नव्हतं, वहिनी. पण मी दिलं नाही. तुम्ही दिलंत. बरं केलंत."

ते ओरडले असते, तर मी रडून घरी गेले असते. आता उठायचं कसं, ते कळेना. मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसून राहिले.