सुभानअण्णांचा दगड

सुभानअण्णा कुणाच्याही घरी गेले की पुढे आलेल्या तांब्यातलं घोटभर पाणी पीत आणि उरलेलं फरशीवर ओतत. मग उकिडवे बसून ते कुठे जातं ते बघत. जयनगरच्या आमच्या भाड्याच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा पाणी देव्हाऱ्याकडे गेलं. "घर सरी नाही रे, बरोबर नाही," अण्णा म्हणाले. "पाणी मोरीकडे जायचं सोडून देवाकडे जातंय." बायकोनं फडकं आणलं आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. बंगळूरच्या आमच्या ऑफिसात आसपासच्या छोट्या शहरांचे गटारांचे आराखडे तपासणीला येत. पावसाचं पाणी कुठून जाणार, मैलापाणी कुठून जाणार, आणि दोघांची वाटेत गाठ पडत नाही ना, एवढंच बघायचं. अण्णा तिथले सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन. त्यांचे पूर्वज कधीकाळी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले, त्यामुळे अण्णांच्या मराठीत मधूनच कन्नड शब्द येत. मी निपाणीकडचा, नवा, अजून प्रोबेशनवर. मराठी बोलतो म्हणून अण्णांनी मला पदरात घेतलं होतं. चिकपेटच्या मागे एका खोलीत ते एकटे राहत. लग्न का केलं नाही म्हणून विचारलं की म्हणत, "उतार मिळाला नाही."

त्यांचं दुसरं वेड रविवारचं. ज्या गावाचा आराखडा टेबलावर असेल त्या गावाला बसनं जायचं आणि म्हाताऱ्या बायकांना विचारायचं, मोठ्या पावसात पाणी कुठवर आलं होतं म्हणून. "कागद पाण्याला वाचता येत नाही," हे त्यांचं पालुपद. साहेब त्यावर हसत. मीही हसत असे.

मग आनेकलच्या पलीकडच्या एका छोट्या शहराचा आराखडा आला. तिथल्या खालच्या गल्लीत देवळासमोर हार विकणारी एक अज्जी होती. अण्णा एकदा गेले ते तिच्या कॉफीला चटावले आणि दर रविवारी जाऊ लागले. गल्लीतली पोरं त्यांना 'गटार अण्णा' म्हणत. हे नाव त्यांनी आम्हाला इतक्या कौतुकानं सांगितलं की पदवी मिळाली असं वाटावं.

त्या शहराची सगळी उंची देवळाच्या पायरीवर कोरलेल्या सरकारी बाणावरून, म्हणजे उंची आधीच ठरवून दिलेल्या खुणेवरून, मोजलेली. एका रविवारी अज्जी बोलता बोलता म्हणाली, तो बाण म्हणजे देवाच्या कपाळावरचं नामच की. जीर्णोद्धाराच्या वेळी त्यावर पाय पडू नये म्हणून लोकांनी तो दगड पायरीतून काढला आणि खाली पिंपळापाशी बसवला. रोज हळदकुंकू वाहत होते. मोजणीवाल्यांना तो तिथे सापडला, त्यांनी जुनी उंची धरली आणि मोजत सुटले. अख्खं गाव कागदावर हातभर उंच झालं; गटार ज्या तळ्यात सोडायचं त्याची पातळी मात्र वेगळ्या मोजणीतली, ती होती तिथेच राहिली.

"खाली आलाय रे दगड," सोमवारी अण्णा मला म्हणाले. "तळं भरलं तर गटार उलटं वाहणार. गल्ली बुडेल." त्यांनी तसं लिहून फाइलला लावलं आणि तपासणाऱ्याच्या जागी सही करायला नकार दिला. साहेबांना अहवाल महिनाअखेर हवा होता. त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली. अण्णांचा कागद मी वाचला होता. तरी सही केली. प्रोबेशन संपायला तीन आठवडे होते आणि घरी मुलगी नुकती रांगू लागली होती.

अण्णा एवढंच म्हणाले, "स्वल्प थांबायचं होतंस." नंतर ते माझ्याशी पूर्वीसारखेच वागले, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

गटारं बांधून झाली. पुढच्या पावसाळ्यात तळं भरलं आणि गल्लीत दोन दिवस मैलापाणी तुंबलं. घरोघर हगवण लागली. अज्जी त्यात गेली.

चौकशी बसली. फाइलमध्ये अण्णांचा कागद होता, म्हणजे माझी नोकरी गेली हे मी धरून चाललो होतो. फाइल उघडली तर कागद नाही. अण्णा उभे राहिले. "दगड हललाय हे मला गोत्त होतं, ठाऊक होतं," ते म्हणाले. "सांगायचं राहिलं. या पोरानं माझ्या भरवशावर सही केली." निवृत्तीला त्यांना दोन महिने उरले होते. निरोपाचा कार्यक्रम झाला नाही. जिन्यात गाठून मी कागदाचं विचारलं तर म्हणाले, "मीच काढला. तुझ्या घरी वाट बघणारी माणसं आहेत. मला कोण विचारतंय?"

पण विचारणारे होते. चौकशीत काय ठरलं ते गल्लीपर्यंत पोचलं. पुढच्या रविवारी अण्णा गेले तेव्हा अज्जीच्या सुनेनं त्यांच्या तोंडावर दार लावलं. "तुम्हाला ठाऊक होतं, आणि आमच्याकडे बसून कॉफी पीत होतात," एवढंच ती बोलली. हे अण्णांनीच मला सांगितलं. खरं काय ते तिला सांगितलंत का, असं मी विचारलं, तर ते माझी मुलगी आता काय काय बोलते ते विचारू लागले. त्यानंतर ते कुठल्याच गावी गेले नाहीत. रविवारी खोलीतच असत.

अज्जीच्या सुनेला खरं सांगणं माझं काम होतं. ठरवून मी एकदा निघालोही. आनेकलच्या स्टँडवर उतरलो, पुढची बस समोर उभी होती, कंडक्टरनं दोनदा हाक मारली. मी परतीच्या बसमध्ये बसलो.