पाणवठ्याची यादी आणि बावीस तज्ज्ञ

एका जंगलात, मुलांनो, एकच संगणक होता आणि तज्ज्ञ बावीस होते.

संगणक होता साळूमावशीकडे. साळू म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, पण स्वभाव मऊ. वय पोक्त, अक्षर वळणदार. आता खरं तर वाघाची मावशी मांजर असते. पण या जंगलात साळूला सगळेच मावशी म्हणत, वाघसुद्धा.

जंगलाने तिच्याकडे एक काम सोपवलं होतं. उन्हाळ्यात पाणवठ्याची यादी लावायची.

तुम्हाला वाटेल, त्यात काय मोठं? ऐका तर. चैत्र संपता संपता ओढा आटायचा आणि सगळ्या जंगलाला मिळून एकच डोह उरायचा. तहान काय, सगळ्यांनाच लागते. भेकराला लागते तशी वाघालाही लागते. दोघं एकाच वेळी पाण्यावर आली, तर एकाची तहान राहते आणि दुसऱ्याची भूक भागते.

म्हणून यादी. ससे सहा वाजता. भेकरं साडेसहाला. मग सांबरं, मग रानडुकरं. वाघोबा दिवस मावळल्यावर. डोहाकाठच्या अर्जुनाच्या झाडावर यादी लागली, की वाघोबाही ती पाळायचा. "नियम म्हणजे नियम," असं म्हणायचा. पण यादी लागलेली नसली, तर नियमही लागलेला नसायचा.

साळूमावशी दरवर्षी संगणकावर यादी करायची आणि छापून लावायची. या वर्षी तिने संगणक उघडला, तर पडद्यावर एक पाटी आली. 'हा संगणक आता फार जुना झाला आहे. कृपया नवा घ्यावा.'

"बाई बाई! मलाही असं कोणी तोंडावर म्हटलं नव्हतं," साळूमावशी म्हणाली.

तेवढ्यात पारू आली. पारू म्हणजे भेकर. तिच्या पायाशी बारा दिवसांचं पाडस लुटुलुटु चालत होतं.

"मावशी, यादी कधी लागेल हो? ओढ्यात आठ दिवसांचंच पाणी आहे."

"लागेल गं. आठ दिवस म्हणजे पुष्कळ झाले."

पण मुलांनो, साळूमावशीला अजून तज्ज्ञ भेटायचे होते.

पहिला आला उदाभाऊ. हा उदमांजर. गळ्यात ताइतासारखा पेनड्राइव्ह बांधून हिंडायचा.

"मावशी, संगणकाला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "लिनक्स टाका."

"म्हणजे काय रे?"

"संगणक चालवणारी व्यवस्था. फुकट असते. कोणीही घ्यावी, कोणीही बदलावी."

"मग कोणी बदलली का?"

"सगळ्यांनीच," उदाभाऊ अभिमानाने म्हणाला. "म्हणून तर शेकडो प्रकार आहेत. तुम्हाला मी पळस लिनक्स देतो. नवशिक्यांना बरं."

त्याने पेनड्राइव्ह खोचला. चाळीस मिनिटांत संगणक टकाटक चालू झाला. साळूमावशी शेजारी बसून प्रत्येक पायरी वहीत उतरवून घेत होती. कुठलं बटण, कुठला प्रश्न, काय उत्तर दिलं, किती वाजले. एका जागी मात्र ती अडली.

"उदा, पासवर्ड टाइप करतेय, पण काहीच उमटत नाही. कळफलक बिघडला वाटतं."

"काळ्या खिडकीत तो दिसत नाही, मावशी. पण असतो. डोळे मिटून टाइप करायचा आणि एंटर मारायचं."

साळूमावशीने डोळे मिटले, हात जोडले आणि एंटर मारलं. चाललं. तिने वहीत लिहिलं, 'दिसत नाही. पण असतो. श्रद्धा ठेवावी.'

त्या दिवशी यादीच्या दहा ओळी झाल्या.

दुसऱ्या दिवशी नाना आला. नाना म्हणजे टकाचोर, लांब शेपटीचा पक्षी. फांदीवरून मान तिरकी करून त्याने पडदा पाहिला.

"कोणतं टाकलंय?"

"पळस."

"अरेरे! हे तर नवशिक्यांचं."

"मग मी नवशिकीच आहे की."

"म्हणून काय जन्मभर नवशिकं राहायचं?"

हे बोलणं साळूमावशीला लागलं. पोक्त वयात अशी बोलणी फार लागतात. नानाने तिला बाभूळ लिनक्स टाकून दिलं. टाकताना संगणकाने विचारलं, 'जुनं सगळं पुसू का?' साळूमावशी "थांब" म्हणेपर्यंत नानाने चोचीने 'हो' दाबलं होतं.

"अरे, माझ्या दहा ओळी!"

"दहा ओळींचं काय घेऊन बसलात, मावशी? आता खिडकी कशी वितळत वितळत बंद होते ते तरी बघा."

खिडकी खरंच वितळायची. प्रिंटर मात्र दिसेनासा झाला होता.

"मावशी, यादी?" पारूने विचारलं.

"होतेय गं. प्रिंटर सापडू दे."

मग साळूमावशी लिनक्स मंडळात गेली. हे मंडळ जांभळाखाली भरायचं. बावीस सदस्य. त्यांच्यातल्या एकाकडेही संगणक नव्हता, पण मतं सगळ्यांकडे होती. अध्यक्ष होते घुबडअण्णा. मंडळाचा एक रिवाज होता. नव्या सदस्याला उत्तर लगेच द्यायचं नाही. आधी तीन प्रश्न विचारायचे. उत्तर फुकट मिळालं तर नवशिक्याची सवय बिघडते, असं मंडळाचं मत होतं.

"प्रिंटर दिसत नाही हो," साळूमावशी म्हणाली.

"आधी स्वतः शोधून पाहिलंत का?" अण्णांनी विचारलं.

"पाहिलं."

"माहितीपुस्तिका वाचलीत का?"

"चारशे बारा पानं. टिपणंही काढली आहेत."

असं आजवर कोणी केलं नव्हतं. पण रिवाज तो रिवाज. अण्णांनी पंख झटकले आणि तिसरा प्रश्न विचारला.

"मुळात प्रिंटर हवाच कशाला?"

यावर मंडळात चर्चा पेटली. अर्धे म्हणाले, कागद हा मागासलेपणा आहे. उरलेले म्हणाले, तसं नाही, पण पडद्यावरची चिन्हांची पट्टी डावीकडे असावी की खाली, हे आधी ठरू द्या. ही चर्चा दोन दिवस चालली. तिसऱ्या दिवशी अण्णा स्वतः साळूमावशीच्या बिळावर आले आणि त्यांनी बाभूळ काढून कातळ लिनक्स टाकलं.

"हे खरं लिनक्स," ते म्हणाले. "यात आयतं काही नसतं."

ते खरंच होतं. पडदा काळाकुट्ट. कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत होती.

"यादी कुठे लिहायची, अण्णा?"

"आधी लिहिण्याची सोय बांधायची. सोय बांधायला अवजारं बांधायची. अवजारं कशी बांधायची, ते शोधून काढायचं."

"आणि ओढा?"

"ओढ्याचं मला काही माहीत नाही. तो या चर्चेचा विषय नाही," अण्णा म्हणाले आणि झोपायला गेले.

असे आठ दिवस गेले. ओढा आटला.

नवव्या दिवशी साळूमावशी पहाटेच उठली. तिने वही काढली आणि उदाभाऊ तिच्याकडेच विसरून गेलेल्या पेनड्राइव्हवरून, एक एक पायरी वाचत, एकटीने पळस लिनक्स टाकलं. एकोणचाळीस मिनिटं लागली. प्रिंटर न बोलावता समोर येऊन उभा राहिला. साळूमावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती संगणक घेऊन बिळाच्या तोंडाशी बसली आणि भराभर यादी लिहू लागली.

सहा वाजून पस्तीस मिनिटांनी समोरच्या डोहात पारूने तोंड घातलं. शेजारी पाडस.

सहा वाजून छत्तीस मिनिटांनी करवंदीच्या जाळीतून वाघोबा बाहेर आला.

त्याने अर्जुनाच्या झाडाकडे पाहिलं. "यादी?"

"चार ओळी राहिल्यात, वाघोबा. आत्ता लावते."

"राहिल्यात म्हणजे लागलेली नाही. नियम म्हणजे नियम, मावशी."

आणि तो दबा धरून बसला. पारूचे पाय जागच्या जागी थिजले. पाडसाला काहीच कळत नव्हतं. ते पाण्यातल्या आपल्याच तोंडाला चाटत होतं.

साळूमावशीचे सगळे काटे उभे राहिले. काय बोलावं ते तिला सुचेना. आणि मुलांनो, काही सुचलं नाही की तोंडातून खरं तेच निघतं.

"मी तरी काय करू हो! नवशिकी बाई. आठ दिवस झाले, लिनक्सशी झटापट चाललीय माझी."

वाघोबाचा एक कान वळला.

"कोणतं लिनक्स?"

"पळस."

वाघोबाने डोळे मिटले. एक लांब सुस्कारा सोडला. मग तो उठला, पारूकडे पाठ केली आणि बिळाशी आला.

"पळस कोणी सांगितलं तुम्हाला?"

"उदाने."

"त्याला काय कळतंय! सरका जरा."

वाघोबा मांडी घालून बसला. आधी त्याने पळस का वाईट ते सांगितलं. मग त्याने स्वतः तरुणपणी कोणतं वापरलं ते सांगितलं. मग चिन्हांची पट्टी डावीकडेच का असावी, ते सांगितलं. वरून नाना ओरडला, "खाली असावी!" वाघोबाने फोडलेल्या डरकाळीने अण्णा जागे झाले. तेही आले आणि म्हणाले की मुळात पट्टीच नसावी. झालं! तिघांची जी जुंपली, ती ऊन डोक्यावर आलं तरी थांबेना.

तोवर पारू पाडसाला घेऊन निघून गेली होती. ससे येऊन गेले. सांबरं आली, निवांत डुंबून गेली. रानडुकरं तर दोनदा पिऊन गेली.

शेवटी वाघोबाचा घसा सुकला. तो डोहावर गेला, पोटभर पाणी प्यायला आणि तृप्त होऊन परत आला. इतकं कोणी त्याचं कधी ऐकून घेतलं नव्हतं. एरवी तो तोंड उघडायचा, तोवर ऐकणारा पळालेला असायचा.

"आता काही अडत नाही ना, मावशी?"

साळूमावशीने पाहिलं. तिघं भांडत असताना तिने उरलेल्या चार ओळी लिहून यादी पूर्ण केली होती. छापूनही झाली होती, सुबक, दोन रंगांत. ती उचलून दाखवणार, इतक्यात पलीकडच्या झुडपातून पारूने डोकं वर काढलं आणि 'दाखवू नका' म्हणून जोरजोरात मान हलवली.

साळूमावशी जन्मात खोटं बोलली नव्हती. तिने यादीची घडी घातली आणि त्यावर बूड टेकलं.

"अडतंय ना, वाघोबा," ती म्हणाली. "आवाजच येत नाही बघा."

"आवाज?" वाघोबाचे डोळे चमकले. "तो फार खोल विषय आहे. उद्या सकाळी साडेसहाला बसू."

तेव्हापासून रोज सकाळी वाघोबा येतो. रोज मावशीचं काहीतरी नवं अडतं. डोहावर सगळं जंगल पाणी पितं. त्या उन्हाळ्यात एकही शिकार झाली नाही. वाघोबा थोडा वाळला, पण त्याची कीर्ती वाढली.

"मावशी मेहनती आहे," तो मंडळात सांगतो, "पण डोकं जरा जड. असू दे. मी काही तिला सोडणार नाही."

तात्पर्य: लिनक्स एका सकाळीत शिकून घ्यावं आणि शिकलो हे कोणाला कळू देऊ नये. सल्ला मात्र रोज मागावा. जो आपल्याला खाऊ शकतो, त्याच्याकडे सर्वांत आधी.