गवताच्या पेटीतला भात

दुपारची जेवणं झाली, भांडी झाली, कपिला गाईला पाणी दाखवून झालं, आणि सुगंधाने माजघरातल्या थंड भुईला पाठ टेकली. डोळा लागतो न लागतो तोच दारापुढच्या खळ्यात बैलगाडी थांबली.

सुगंधाने डोळे न उघडताच एक लांब सुस्कारा सोडला. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात दुपारची पोटभर झोप तिला दोनदाच मिळाली, आणि दोन्ही वेळा ती बाळंतीण होती. बाकी दिवस विहीर, पेज, गोठा, चूल, धूर, पुन्हा विहीर. दुपारी चुलीपुढून उठावं तर भात करपतो, आणि भात उतरून आडवं व्हावं तर कोणीतरी येतं.

मुलं सुट्टीला आजोळी गेली होती; आज तिचे यजमानच आले होते. गुरुदास मास्तर शाळेत विज्ञान शिकवत, आणि शाळेला मे महिन्याची सुट्टी लागली की ते सगळ्या गावाला शिकवत. मागच्या सुट्टीत त्यांनी 'शहरवासीयांनो, काहीही वाया घालवू नका' या विषयावर बाजारात भाषण दिलं होतं. न्हाणीचं पाणी केळीला सोडा, राखेनं भांडी घासा, करवंट्या चुलीत घाला. भाषणाची तालीम घरी झाली तेव्हा सुगंधा मागच्या दारी भांडी घासत होती. तिच्या हाताला राख होती, शेजारून न्हाणीचं पाणी केळीकडे चाललं होतं आणि चुलीत करवंट्या धडधडत होत्या. ती बिचारी घासतच राहिली. बोलायचं तर अंगात जोर लागतो!

या खेपेला मास्तर कसाल गावच्या सरपण-बचत शिबिराहून आले होते, आणि गाडीवानाच्या मदतीने एक भलीमोठी लाकडी पेटी उतरवत होते.

"ह्या काय हाडलात आणि?" सुगंधाने दारातून विचारलं.

"पेटी! गवताची पेटी!" मास्तरांचा चेहरा घामाने आणि आनंदाने चमकत होता. "अगो, डोंगर बोडके होत चालले. उद्या शहराक सरपण खंयसून येतला? ह्येच्यात आतून गवत भरलेला आसा, ता ऊब धरून ठेवता. भाताक चुलीर एक कढ काढूचो, टोप हेच्यात ठेवचो, वर गवत, वर झाकण. दोन तासांनी भात तयार! लाकूड नाय, धूर नाय, राखण नाय."

"आणि ते दोन तास मी काय करूचा?"

"काय्येक नाय. खुशाल नीज."

सुगंधा पेटीकडे बघतच राहिली. मास्तरांच्या आजवरच्या सगळ्या योजनांत 'नीज' हा शब्द पहिल्यांदाच आला होता.

दुसऱ्या दिवशी तिने भाताला एक कढ काढला, टोप पेटीत ठेवला, झाकण लावलं आणि पदर डोक्याखाली घेऊन आडवी झाली. पाचच मिनिटांत झाकण करकरलं.

"बघूया, वाफ धरता काय ती," मास्तर स्वतःशीच म्हणाले.

मग पुन्हा करकरलं. तिसऱ्यांदा करकरलं तेव्हा मास्तरांसोबत शेजारची काशीबाईही होती. मासळीची रिकामी पाटी डोक्यावरून न उतरवता ती पेटीत डोकावली.

"मास्तरानु, भात बाळंत झालो काय? शेक देतास तो?"

"हस गो, हस! सगळ्या मालवणात ही पयली पेटी. सुगंधा, काशीबाय इली हा, चाय टाक."

सुगंधा उठली. चूल पुन्हा पेटली. काशीबाईच्या पोटात एक वेळ चहा राहील, पण ऐकलेली गजाल राहायची नाही. दिवेलागणीपर्यंत अर्धी वाडी येऊन पेटी उघडून बघून गेली, आणि येणाऱ्या प्रत्येकाला चहा झाला. भात मात्र खड्यांसारखा टणक राहिला. तो शेवटी चुलीवरच शिजवला.

पुढचे दिवसही असेच गेले. माणसं बाजारातून आली, बंदरावरून आली. एक म्हातारे गृहस्थ तर खास धामापूरहून आले आणि चहानंतर पोहेही खाऊन गेले. सरपण कसं वाचतं ते पाहायला आलेल्या लोकांच्या चहापायी सुगंधाचा लाकडांचा ढीग पाऊस लागायच्या आधीच निम्मा झाला. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली आणि चालता चालता ती खांबाला टेकून डुलक्या घेऊ लागली.

"तुमची पेटी भात शिजवीना," ती एकदा म्हणाली, "पण माका शिजवल्यान."

अशात एके संध्याकाळी म्युनिसिपालिटीचे मेंबर भाई आले. भाईंच्या अंगात कडक खादी, आणि आवाज असा की बंदरावरच्या होडीलाही ऐकू जावा.

"मास्तर, येत्या रविवारी सगळ्या वॉर्डासमोर प्रात्यक्षिक करा," भाई गरजले. "घराघरांत पेटी झाली तर आपलं शहर जिल्ह्याला आदर्श होईल!"

मास्तरांची छाती फुगली. सुगंधाने चहाचं आधण ठेवलं.

रविवारी सकाळी मास्तरांना वाटलं, गवत दमट झालंय, जरा ऊन दाखवावं. त्यांनी पेटीतलं सगळं गवत खळ्यात पसरलं आणि ते भाषणाची तालीम करायला आत गेले. मे महिन्यात माळ्यावरचा पेंढा संपत आलेला, कपिला कधीची अर्धपोटी. तिने दावं सोडवून घेतलं आणि शांतपणे सगळं गवत फस्त केलं.

"सुगंधा! कपिलेन गवत खाल्ल्यान!"

"गाय गवत खाता," सुगंधा केर काढता काढता म्हणाली. "शाळेत शिकवतास मां तुमी?"

"अगो, चेष्टा नको! माणसा येतली आता! तुझी वाकळ दी. माझी पण दी. उशी हाड!"

झालं! भाताला कढ काढून टोप पेटीत ठेवला. खाली मास्तरांची वाकळ, भोवती सुगंधाची वाकळ आणि डोक्यावर उशी. मे महिन्याच्या उकाड्यात टोप असा गुरफटून झोपला, की सुगंधाला त्याचा हेवा वाटला.

"ह्या घरात दुपारचो कोणतरी नीट निजलो बाबा एकदाचो," ती पुटपुटली.

खळं माणसांनी गच्च भरलं. मास्तर डोंगरांवर बोलले, सरपणावर बोलले, धुराने होणाऱ्या खोकल्यावर बोलले. भाई तर बोलतच राहिले. मुलं पेटीवर चढली, बायका तिच्याभोवती बसून गजाली मारू लागल्या. अखेर भाईंनी स्वतःच्या हाताने झाकण उघडलं, उशी बाजूला केली आणि भाताचं एक शीत तोंडात टाकलं.

'कट्!' हा आवाज पार कुंपणापलीकडे गेला.

"मास्तरानु," काशीबाई म्हणाली, "भाईंची दाढ सांभाळा. निवडणूक तोंडार इली हा."

सगळं खळं खदाखदा हसलं. मास्तरांचा चेहरा पडला. इतका पडला, की सुगंधाला एकदम त्यांची दया आली. चूक कुठे आहे ते तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण तिला विचारलं कोणी! कसालच्या शिबिरात लवकर शिजणारे सुरय तांदूळ घेतले असणार. इथे घरात जाड उकडे, आणि ते एका कढाला थोडेच दाद देतात! त्यांना चुलीवर चांगलं रटरटू द्यायला हवं, मग पेटी. ती पुढे झाली.

"अवो, तांदूळ..."

पण मास्तरांनी तोवर हात वर केला होता. पडलेला माणूस उठताना हाताला येईल ते धरतो, तसं त्यांनी विज्ञान धरलं.

"नागरिकहो! दोष पेटीचा नाही, आपला आहे! उष्णता ही अत्यंत शांत वस्तू आहे. आपण सगळे बोललो, चाललो, भुई हादरली. त्या धक्क्यांनी आतली वाफ विस्कटली! ज्या घरात पेटीत भात असेल, त्या घरात दोन तास पूर्ण शांतता पाळली पाहिजे. बोलणं नाही, येणं-जाणं नाही, आणि झाकण उघडणं तर मुळीच नाही!"

लोक गंभीर झाले. सगळ्यांत गंभीर भाई झाले, कारण सगळ्यांत जास्त तेच बोलले होते.

"काय म्हणत होतंस गो?" मास्तरांनी वळून विचारलं.

सुगंधाचं तोंड अजून उघडंच होतं. दोन तास शांतता. येणं-जाणं नाही. तिने तोंड हळूच मिटलं.

"काय नाय. तुमी म्हणतास, ताच खरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेज झाल्यावर त्याच विस्तवावर सुगंधाने करवंट्या सारल्या आणि भात शेवटच्या शितापर्यंत शिजवून घेतला. मग टोप पेटीत ठेवला. मास्तरांनी कुठूनशी गवताचा भारा आणला होता, तो वर दाबला. झाकण लावलं आणि दोन्ही हात जोडून ती मास्तरांना म्हणाली, "भात पेटीत गेलो. आता तुमी बघा."

माजघराचं दार बंद झालं. आत गवताची पेटी, आणि पेटीशेजारी आपल्या वाकळीवर सुगंधा.

बाहेर मास्तर ओटीवर पहारा देऊ लागले. कोणी कुंपणाशी दिसलं, की ते चवड्यांवर धावत आणि तोंडावर बोट ठेवत. "शू! भात शिजता!" चहाचं नावही निघेना. मास्तरांनी कपिलेच्या गळ्यातल्या घंटेत फडकं कोंबलं. दुपारी पानात वाफाळता, मऊ भात पडला तेव्हा त्यांचे डोळे पाणावले.

आठवडा असाच गेला. मास्तरांनी भाईंना अभिमानाने कळवलं, की घरात आता सरपण निम्मंच लागतं. ते खोटं नव्हतं. दुपारचे चहाच बंद झाले होते ना!

काशीबाई मात्र कुंपणाशी अडणारी नव्हती. ती एके सकाळी मागच्या दाराने आली, सुगंधाचा टवटवीत चेहरा तिने निरखून पाहिला आणि कानाशी लागली.

"गो सुगंधा, तसली एक पेटी माका पण होयी. सुताराक सांग मां. माझो घोव दुपारचो लय बडबडता."

सुगंधा नुसती हसली. पण वॉर्डातल्या बायकांना ते बरोबर कळलं असावं, कारण सुताराकडे पेट्यांची रांग लागली आणि भर दुपारी त्या आळीत कावळासुद्धा बिचकून ओरडू लागला.

हे आदर्श शहर डोळ्यांनी पाहायला एके दिवशी भाई स्वतः आले. पायातल्या वहाणा कुंपणाबाहेर काढून, चवड्यांवर चालत ते ओटीपर्यंत पोचले आणि जन्मात पहिल्यांदाच कुजबुजले, "मास्तर, आतून आवाज कसला येतोय?"

मास्तरांनी कान दिला. बंद दारामागून संथ, भरदार, लयीतली घरघर येत होती. पंधरा वर्षं रात्री ऐकलेला तो आवाज त्यांना ओळखू येत नव्हता असं कसं म्हणावं? ते दाराकडे बघत राहिले. मग भाईंकडे. मग हळूच दार आणखी घट्ट ओढून घेत म्हणाले,

"वाफ आहे, भाई. आता कुठे धरते आहे."